सोफासेट : शून्य

आमच्या नातीचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं, आणि त्या एका वर्षात तिने इतके फॉर्म भरले की घरातल्या पेनांनी माना टाकल्या. तिला आम्ही टाचणी म्हणतो. एक तर अंगाने बारीक, आणि दुसरं म्हणजे जिथे लागायचं तिथे बरोबर लागते.

टाचणीला संख्याशास्त्र शिकायचं होतं. ते चांगलं शिकवणारं कॉलेज आमच्यापासून रेल्वेने नऊ तासांवर. परीक्षा देऊन तिने जागा मिळवली होती. पण फी आणि वसतिगृह मिळून जो आकडा झाला तो बघून माझा मुलगा चक्क हसला. म्हणाला, "हे बरं आहे. थोडा कमी असता तर काळजी लागली असती."

कॉलेजचा स्वतःचा साहाय्यनिधी होता. तो मिळाला तर टाचणी जाणार. नाही मिळाला तर कोपऱ्यावरच्या फरशांच्या दुकानात बिलं लिहायला बसणार. दुकानदाराने तिच्यासाठी खुर्ची राखून ठेवली होती आणि रस्त्यात भेटला की ते कौतुकाने ऐकवायचा. ते ऐकून आली की टाचणी उशीत तोंड खुपसून ओरडायची. उशी गिऱ्हाइकाची नाही ना, एवढं मी बघून घ्यायचो.

कारण आमचा धंदा सोफे मढवायचा. पुढची मोठी खोली कामाची, मागच्या दोन लहान खोल्या राहायच्या. मुलगा जुनं कापड सोलतो, स्प्रिंगा बसवतो. सूनबाई मशीनवर शिवते. कापड बेतणं आणि शेवटचे खिळे माझ्याकडे. लोकांकडे एखादा सोफा असतो, आमच्याकडे कायम चार-पाच असतात आणि आम्ही सगळे जमिनीवर बसतो. गिऱ्हाइकाच्या वस्तूवर बसायचं नाही, हा या घरातला पहिला नियम. टाचणी रांगत होती तेव्हापासून तो तिला पाठ आहे.

दुसरा नियम याहून कडक. वस्तू कोणाची, हे कोणालाही सांगायचं नाही. लोक जुना सोफा आमच्याकडून मढवून घेतात आणि पाहुण्यांना सांगतात, नवा घेतला. आपण कशाला मध्ये तोंड घालायचं? माझ्या उस्तादाने एकदा न्हाव्याकडे दाढी करता करता सांगून टाकलं की अमक्या वकिलाच्या दिवाणखान्यातला सोफा आतून वीस वर्षांचा आहे. महिनाभर आमच्या दारात पाय कोणी ठेवला नाही. त्या महिन्यात मी गप्प राहायला शिकलो. कामाचं शिक्षण नंतर सुरू झालं.

तर फॉर्म. कापड बेतायच्या टेबलावर टाचणी तो पसरून बसायची आणि आम्ही भोवती. त्यात एक निबंध होता : 'तुमच्या आयुष्यातील एखादी मोठी अडचण आणि तिने तुम्हाला काय शिकवले'.

"पाय मोडला होता माझा, ते लिही," मुलगा म्हणाला.

"पप्पा, पाय तुमचा. मी तेव्हा दोन वर्षांची."

"मग लिही, बापाचा पाय मोडला आणि माझ्यावर आकाश कोसळलं."

"तिला काय कळत होतं? प्लास्टरवर चित्रं काढत बसायची," सूनबाई म्हणाली.

मी म्हटलं, "असं कर, आजोबा गेले म्हणून लिही. मी रागावणार नाही."

"आणि कॉलेजकडून घराच्या पाहणीला माणूस आला आणि तुम्ही दार उघडलंत म्हणजे?"

"म्हणेन, मी धाकटा भाऊ."

टाचणीने कोणाचंच ऐकलं नाही. तिने भलतंच लिहिलं. सोफे सोलताना आत जे सापडतं ते आम्ही लिफाफ्यात घालून परत देतो. कंगवे, चमचे, खेळण्यातली चाकं, एकदा तर दाताची कवळी. गेली सहा वर्षं टाचणी ते सगळं मोजून लिहून ठेवत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. जिथे माणसं नंबर लागायची वाट बघतात त्या बाकांत पेनं जास्त सापडतात. जिथे टीव्ही बघतात तिथे चमचे. ज्या घरात दोन लहान मुलं आहेत तिथे एका मुलाच्या घरापेक्षा दुप्पट नाही, पाचपट वस्तू निघतात. असे तिने तक्ते काढले होते, आणि खाली लिहिलं होतं, 'माझी अडचण अशी की हे असं का होतं हे मला नीट सिद्ध करता येत नाही. म्हणून मला शिकायचं आहे.'

मी ते दोनदा वाचलं. पोरगी घरात बसून काय करत होती हे मला त्या कागदावरून कळलं.

पुढच्या पानावर घरातल्या वस्तूंची यादी होती. फ्रिज आहे का, वाहन आहे का, आणि त्यातच एक रकाना : 'सोफासेट : संख्या लिहा'.

आम्ही चौघांनी मान वळवून खोलीकडे बघितलं. त्या दिवशी दोन सोफे, एक आरामखुर्ची आणि एक दिवाण होता.

"शून्य," टाचणी म्हणाली आणि लिहिलंही. "आपला एकही नाही. खरं तेच लिहायचं."

त्यात चूक काय होती? काहीच नाही.

महिन्याभराने साहाय्यनिधीच्या आमच्या शहरातल्या कचेरीतून पत्र आलं की बुधवारी सकाळी अकरा वाजता घराची पाहणी होईल. आणि सोमवारी दुपारी आमच्या दारात टेम्पो उभा राहिला. एका हॉटेलच्या लॉबीतला सात नगांचा संच. डाळिंबी रंगाची मखमल, पाठीवर कोरीव काम, हातांना पितळी टोप्या. मखमल जुनी होऊन टकली पडली होती, पण चार पावलांवरून बघणाऱ्याला राजवाडाच वाटावा. हॉटेल कुठलं ते मी इथेही सांगणार नाही.

"परत पाठवा," सूनबाई म्हणाली. "गुरुवारी आणा म्हणावं."

"परत पाठवला तर दुसऱ्याकडे जाईल," मुलगा म्हणाला. "शेजारी ठेवू."

शेजारच्यांच्या दारातून त्यातला तिघांचा सोफा आत जाईना. आडवा केला, उभा केला, शेजाऱ्यांच्या म्हाताऱ्या सासऱ्यांना उचलून बाजूला ठेवलं, तरी जाईना. शेवटी सूनबाईने घरातल्या सगळ्या चादरी आणल्या आणि सातही नगांवर टाकल्या. आता आमची खोली अशी दिसू लागली की जणू मालक परदेशी गेलेत आणि आम्ही राखण करतोय.

बुधवारी पाहणीच्या बाई अकराला पाच कमी असतानाच आल्या. हातात चिमटा लावलेली पाटी, पायात धुळीने पांढरे झालेले बूट. ते त्यांचं त्या सकाळचं चौथं घर होतं. मी स्टूल पुढे करेपर्यंत बाईंनी "हुश्श" केलं आणि जवळात जवळच्या चादरीवर बसल्या.

चादरीखालच्या सोफ्याने बाईंना असं आत ओढून घेतलं की त्यांचे पाय जमिनीवरून सुटले. माझ्या तोंडात "उठा!" हा शब्द आला होता. गेली चाळीस वर्षं तो आपोआप येतो. तो मी गिळला.

बाईंनी पाटीवरचा कागद वाचायला सुरुवात केली. "घरातील व्यक्ती चार. खोल्या तीन. वाहन नाही. सोफासेट..." इथे त्या थांबल्या. बसल्या जागी एकदा हळूच उसळून बघितलं. "सोफासेट शून्य."

"हो," टाचणी म्हणाली.

"मग मी कशावर बसले आहे?"

"गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर," मी म्हटलं. "आम्ही मढवतो. फॉर्ममध्ये धंदा लिहिला आहे."

बाईंनी चादरीचं टोक उचललं. खालून मखमल आणि पितळी टोपी चमकली. शेजारची चादर उचलली. तिथेही तेच. "सोफे मढवता, तर मग झाकून का ठेवलेत?"

सूनबाई उगीच म्हणाली, "धूळ बसते ना."

"हे बघा आजोबा," बाई म्हणाल्या, आणि त्या वाईट बोलत नव्हत्या. "काल एका घरात दोन मोटारी होत्या. म्हणाले, दोन्ही शेजाऱ्यांच्या. शेजारी म्हणाले, आम्हाला चालवताच येत नाही. मला सगळेच असं सांगतात. तुम्ही मला या सोफ्याच्या मालकाचं नाव द्या, मी आत्ता फोन करते. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं काम. मी गप्प.

"आजोबा," टाचणी म्हणाली.

मी बाईंनी उचललेली चादर पुन्हा नीट केली.

"बरं, वही असेल ना कामाची? ती दाखवा."

मुलाने वही दिली. बाईंनी उघडली आणि चष्मा पुसून पुन्हा बघितली. वहीत नावं नाहीतच. अक्षरं मला साठीनंतर आली. त्याआधी मी गिऱ्हाइकांची चित्रं काढायचो, आणि नंतरही वहीला तीच सवय राहिली. शिडी, कंगवा, अर्धा चंद्र. सोमवारच्या तारखेला एक मासा होता आणि पुढे 'सात नग'.

"हा मासा कोण?"

"गिऱ्हाईक," मी म्हटलं.

"मासा?"

"माझा भाव ऐकून त्यांचं तोंड उघडलं ते मिटेना. म्हणून."

बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण पेन चालूच राहिलं. जाताना त्या सोफ्यातून निघता निघेनात, तेव्हा टाचणीने हात देऊन त्यांना बाहेर काढलं. मग दार लावलं आणि माझ्याकडे वळली.

"एक नाव, आजोबा. एकच."

"ते सांगता येत नाही."

"मग मी फरशा विकते," असं म्हणून ती आत गेली. त्या दिवशी तिने उशीत तोंड खुपसलं नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आठ दिवसांनी पत्र आलं. 'मालमत्तेची माहिती दडवल्याचे दिसते. अर्ज पुढे नेता येत नाही.' मुलाने वाचलं आणि घडी घालून टेबलावर ठेवलं. सूनबाईने डोळ्याला पदर लावला. मी ते पत्र घेतलं. मला वाचायला वेळ लागतो, पण मी मागचीही बाजू वाचतो. मागे बारीक अक्षरांत होतं की अर्जदाराला निर्णय मान्य नसल्यास दहा दिवसांत फेरपाहणीची विनंती करता येईल, सोबत पुरावा जोडावा.

पुरावा म्हणजे मासा. मी शर्ट बदलला आणि हॉटेलवर गेलो. मालक भला माणूस. त्यांनी मला चहा पाजला, टाचणीच्या अभ्यासाची चौकशी केली, "फार हुशार मुलगी" असं दोनदा म्हणाले. मी विचारलं, "मग एक चिठ्ठी देता? 'सोफे माझे आहेत', एवढी एकच ओळ तुमच्या सहीने."

त्यांचं तोंड पुन्हा उघडलं. "काका, अहो, मी जाहिरात दिली आहे. 'संपूर्ण नवे फर्निचर.' रविवारी उद्घाटन. सरकारी कचेरीत असा कागद फिरला तर?"

"कचेरी सरकारी नाही. कॉलेजची आहे."

"कुठल्याही कॉलेजची असो, कॉलेजची पोरंच तर येतात आमच्याकडे."

मी घरी आलो ते ठरवूनच. टाचणीला हाक मारली. "घे कागद. लिही त्यांचं नाव. मी सांगतो."

सूनबाईने मशीन थांबवलं.

टाचणीने पेन उचललं, माझ्याकडे बघितलं आणि खाली ठेवलं. "काही उपयोग नाही. बाई फोन करतील आणि तो म्हणेल, मी यांना ओळखत नाही. मग आपण खोटारडे पण, आणि तुमचं नावही गेलं."

"मग?"

"मला विचार करू द्या. आणि मध्ये मध्ये बोलू नका. पप्पा, तुम्हीपण."

मुलगा म्हणाला, "मी काही बोललोच नाही."

"बोलणार होतात."

संध्याकाळी तिने अर्ज लिहून आणला. माझं म्हणणं होतं की सुरुवातीला बाईंच्या तब्येतीची चौकशी असावी, तिने ती काढून टाकली. अर्ज एवढाच होता : आम्ही गिऱ्हाइकाचं नाव सांगू शकत नाही. पण सोफा आमचा असेल तर तो आमच्याकडेच राहील. पुढच्या पंधरा दिवसांत, न कळवता, हव्या त्या तीन दिवशी या. तीच वस्तू दोनदा दिसली तर माझा अर्ज फाडून टाका.

"हे बरोबर आहे," मी म्हटलं. मग आठवलं. "अगं, पण तीच वस्तू दोनदा दिसू शकते."

"कशी?"

"आपण कुठे काम वेळेवर देतो?"

हे खरं होतं. या धंद्यात सोमवार म्हणजे गुरुवार आणि गुरुवार म्हणजे बघू. पण त्या पंधरवड्यात आमच्या घरात जे झालं ते चाळीस वर्षांत झालं नव्हतं. आम्ही सांगितलेल्या दिवशी काम देऊ लागलो. गिऱ्हाइकं घाबरली. एक बाई तर विचारायला आल्या, "दुकान बंद करताय की काय?" लॉबीचा संच उद्घाटनाच्या आधी दोन दिवस पोचला, तेव्हा मालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, काही राहिलं तर नाही ना?"

पहिल्या खेपेला बाई आल्या तेव्हा दातांच्या डॉक्टरांचे दोन बाक आणि एका केशकर्तनालयाची खाली-वर होणारी खुर्ची होती. बाईंनी आल्या आल्या विचारलं, "मासा?"

"गेला," टाचणी म्हणाली.

बाईंनी बाकांवर पाटीवरचं पेन टेकवून मोजलं, खुर्चीचा दांडा एकदा दाबून बघितला आणि गेल्या.

बाक त्याच दिवशी तयार झाले, पण डॉक्टर ते न्यायला येईनात. आज माणूस नाही, उद्या गाडी नाही. शेवटी मुलाने हातगाडीवर चढवून ते दवाखान्यात नेले आणि म्हणाला, "डॉक्टर, पैसे मागाहून द्या, पण हे ठेवून घ्या." डॉक्टरांना वाटलं आत ढेकूण आहेत. अर्धा तास उलटे-पालटे करून बघितले, मगच ठेवून घेतले.

दुसऱ्या खेपेला अकरा ऑफिसच्या चाकांच्या खुर्च्या. बाईंनी दार जोरात ढकललं, ते एका खुर्चीला लागलं, तिने दुसरीला ढकललं, आणि बाई आत येईपर्यंत खोलीभर खुर्च्या एकमेकींना वाट देत फिरत होत्या. बाई उंबऱ्यावर उभ्या राहून हसल्या. मग पटकन पाटीत तोंड घातलं.

"बाई, चहा?" सूनबाईने विचारलं.

"पाहणीत चालत नाही."

"पाणी?"

"पाणी चालतं." आणि उभ्याउभ्याच पेलाभर प्यायल्या.

तिसरी खेप चौदाव्या दिवशी. खुर्च्या सकाळीच गेल्या होत्या, नवीन काम आलं नव्हतं. इतकं वेळेवर दिल्यामुळे आमच्याकडे कामच उरलं नव्हतं. खोली इतकी रिकामी मी लग्नानंतर या घरात राहायला आलो तेव्हाच पाहिली असेन. बोललं की घुमत होतं. टाचणी जमिनीवर बसून आकडेमोड करत होती.

बाईंनी चारी भिंतींकडे बघितलं. "आज काय?"

"शून्य," टाचणी म्हणाली.

मी स्टूल पुढे केलं, त्या बसल्या, बराच वेळ लिहिलं. उठताना टाचणीला म्हणाल्या, "निबंधातला एक तक्ता चुकला आहे. चमच्यांचा. बेरीज बघ."

टाचणी लाल झाली. "वाचलात तुम्ही?"

"कचेरीत सगळ्यांनी वाचला. घरी जाऊन सोफ्याच्या फटीत हात घालून आले सगळे."

निकाल तीन आठवड्यांनी आला. या खेपेला टाचणीने पाकीट स्वतः फोडलं. फी पूर्ण माफ. वसतिगृह अर्धं, बाकीच्या अर्ध्यासाठी कॉलेजच्या ग्रंथालयात रोज दोन तास काम. तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि जमिनीवर बसकण मारून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मुलाने तिला उचललं, तिचं डोकं दिव्याला आपटलं, तरी तिचं हसू थांबेना. सूनबाई फरशीच्या दुकानदाराला सांगायला अनवाणीच पळाली.

सोबत पाहणीचा अहवाल जोडला होता. ते सगळे नाचत होते म्हणून मी तो बसून वाचला. शेवटी लिहिलं होतं : 'कुटुंबाच्या मालकीचे बसण्याचे साहित्य : लाकडी स्टूल, एक. डगमगते.'

मी ती ओळ पुन्हा वाचली.

"टाचणी, हे बदलून घ्यायला हवं."

"काय?"

"डगमगतं म्हणे. हे स्टूल मी केलं आहे. माझ्या हातचं स्टूल डगमगत नाही."

"आजोबा, मदत मिळाली आहे!"

"मिळाली ना, छान झालं. पण कागदावर राहणार हे. चार लोक वाचतील." मी स्टूल उलटं केलं, चारही पाय फूटपट्टीने मोजले. एका सुताचाही फरक नाही. "बघ. स्टूल सरळ आहे. फरशी खचली आहे तिथली. एक अर्ज लिही."

"मी लिहिणार नाही."

"दहा दिवसांत लिहिता येतो. मागच्या बाजूला दिलं असेल."

"आजोबा, पाहणी दर वर्षी होते. बाई पुढच्या वर्षी परत येतील, तेव्हा तुम्हीच सांगा त्यांना."

"पुढच्या वर्षी? तोवर हे असंच?"

"असंच."

तेवढ्यात सूनबाई धापा टाकत परत आली. तिने उलटं स्टूल बघितलं, माझ्या हातातली फूटपट्टी बघितली, आणि टाचणीला विचारलं, "आता यांचं काय बिघडलं?"

"काही नाही आई. मला ट्रंक लागेल एक. आणि स्वेटर. तिकडे थंडी असते म्हणे."

मी विचारलं, "आणि वसतिगृहात बसायला काय देतात?"

ते तिला माहीत नव्हतं. कुठल्याच कागदावर दिलं नव्हतं. मागच्या बाजूलाही नाही. मी खोलीच्या कोपऱ्यातली फळकुटं काढून बघितली, त्यातली दोन चांगली निघाली, आणि टाचणीला म्हटलं, "जरा उभी राहा. उंची घेऊ दे."